'अल्पशा आजारा'विषयी चार शब्द

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मावळ विभागातील एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

या व्यासपीठावरून आजवर आम्ही गुणवंत विद्यार्थ्यांची नावे वाचली, वधूवर सूचीची निवेदने केली आणि प्रसंगी वर्गणीची आठवणही करून दिली. यंदा चिटणीसांनी 'आपल्या आवडीच्या विषयावर बोला' अशी आज्ञा केली. आम्ही निवडलेला विषय आवडीचा नाही. तो ऐकून काही मंडळी एकमेकांकडे पाहतील, काहींना आम्ही मर्यादा ओलांडली असे वाटेल. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. विद्वत्तेचा दावा नाही. मात्र जे सांगणार आहोत ते आमच्या घरात घडलेले आहे.

आपल्या मंडळाच्या २००९ सालच्या स्मरणिकेत श्रद्धांजलीचे एक पान आहे. त्यात आमच्या धाकट्या बंधूंचे छायाचित्र असून खाली 'अल्पशा आजाराने दुःखद निधन' असे शब्द छापले आहेत. ते शब्द आमचेच. हा अल्पसा आजार चौदा वर्षे चालला होता. त्याचे नाव दारू. शेवटी पोटात पाणी झाले, डोळे हळदीसारखे पिवळे पडले आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बंधू गेले. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतील चुकांवर तांबड्या शाईने रेघा ओढणाऱ्या शिक्षकाने सख्ख्या भावाच्या मृत्यूची नोंद मात्र खोटी केली. त्या पानाची दुरुस्ती करण्यासाठीच आज उभे राहिलो आहोत.

आमच्या मावळात हे कसे घडते ते आपणांस वेगळे सांगावयास नको. इंद्रायणीच्या काठची भातखाचरे गेली. कोठे कारखाना आला, कोठे द्रुतगती मार्ग, कोठे मुंबईकरांचे बंगले. खंडाळा-लोणावळ्यास शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांच्या सोयीसाठी जे उभे राहिले, त्याची सवय सोमवारपासून शुक्रवारपर्यंत स्थानिकांना जडली. जमिनीचे पैसे एकदम हाती आले आणि हातचे काम गेले. आमचे बंधू प्रथम मित्रांच्या आग्रहाने घेत, पुढे थकवा घालविण्यासाठी घेऊ लागले आणि अखेर सकाळी हात थरथरू नयेत म्हणून त्यांना घ्यावीच लागे. प्रतिवर्षी २ ऑक्टोबरला आम्ही शाळेत 'दारूचे दुष्परिणाम' या विषयावर भाषण करीत असू आणि सायंकाळी बंधूंना खांद्याचा आधार देऊन मागील दाराने घरात आणीत असू. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच आमचे धोरण. घरात लग्नाच्या मुली होत्या; बोभाटा झाला तर सोयरीक मोडेल, ही धास्ती होती.

उपाय केले नाहीत असे नव्हे. तथापि त्यांतील तीन उपाय आमच्या चुकांचे होते, आणि ते अद्याप अनेक घरांत चालू आहेत, म्हणून सांगतो.

पहिला उपाय शपथेचा. एकवीरेच्या पायरीवर शपथ घातली, आईच्या गळ्याची शपथ घातली, तुळशीची माळही घातली. माळेने ज्यांचे आयुष्य पालटले असे वारकरी आमच्या परिचयाचे आहेत. त्यांना आमचा नमस्कार. परंतु आमच्या बंधूंनी शपथ मोडली की लाजेने ते दुप्पट पीत. आजार जडलेल्या माणसाकडून शपथ घेणे म्हणजे ताप आलेल्याकडून 'अंग तापू देणार नाही' असे वचन घेण्यासारखे होते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

दुसरा उपाय गुपचूप औषधाचा. कोणीतरी पुड्या दिल्या आणि आम्ही त्या आमटीत मिसळल्या. दारूशी प्रतिक्रिया होणारी डायसल्फिराम नावाची गोळी डॉक्टर देतात. पण ती रुग्णास सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून. न सांगता दिली आणि वर तो प्यायला, तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि प्रसंगी प्राणही जातो. आमच्या पुड्यांत काय होते ते देव जाणे. आम्ही वाचलो, एवढेच म्हणावयाचे.

तिसरा उपाय सर्वांत घातकी. एकदा आम्ही बंधूंना माडीवरच्या खोलीत कोंडले. म्हटले, चार दिवस मिळाली नाही की सुटेल. दुसऱ्या रात्री त्यांना झटके आले. तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे चढताना दिसू लागले आणि ते मेलेल्या वडिलांशी बोलू लागले. शेजारच्या बायकांनी बाधा ठरविली. ती बाधा नव्हती. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर मेंदूचा असा क्षोभ होतो आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावतो. म्हणून ज्याला सकाळी उठताच लागते, ज्याचे हात कापतात, ज्याला पूर्वी झटके आले आहेत, त्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी. एवढे एक वाक्य जरी आपण घरी नेले तरी आमच्या बोलण्याचे सार्थक झाले.

बंधू गेले. नऊ वर्षांनी, २०१८ च्या पावसाळ्यात, रात्री अकराच्या सुमारास आमची धाकटी बहीण दारात येऊन उभी राहिली. अंग भिजलेले, पायांत चपला नाहीत. म्हणाली, "दादा, भाऊ गेला, आता लेकही त्याच वाटेला लागला. तुझ्याकडे आता तरी काही उपाय आहे का?" आमच्याकडे नव्हता. पण या खेपेस आम्ही माळ आणि पुड्या शोधल्या नाहीत. आम्ही माणसे शोधावयास निघालो.

ताकाला जाऊन भांडे लपविण्याची खोड मात्र तेव्हाही गेली नव्हती. भाच्याला घेऊन प्रथम पुण्यास डॉक्टरांकडे गेलो, ते गावच्या स्थानकावर गाडीत न बसता रिक्षाने दोन स्थानके पुढे जाऊन. डॉक्टरांनी दहा दिवस ठेवून घेतले, औषधांनी शरीर ताळ्यावर आणले आणि निघतेवेळी म्हणाले, "गुरुजी, दारू शरीरातून काढणे हे आमचे काम, ते झाले. ती मनातून बाहेर ठेवणे हे रोजचे काम आहे आणि ते एकट्याने होत नाही. यांना एएच्या मीटिंगला जाऊ द्या." आम्ही विचारले, "एए म्हणजे कोणती परीक्षा?" डॉक्टर हसले.

एए म्हणजे 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', नाव गुप्त ठेवणाऱ्या मद्यपींचा सहवास. त्याची जन्मकथा आम्ही नंतर वाचली. ती ऐकण्याजोगी आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचे न्यूयॉर्कचे शेअर दलाल अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी धंद्याच्या कामास गेले होते. काम फसले. काही महिन्यांपूर्वीच त्यांची दारू सुटली होती. हॉटेलच्या दालनात एका बाजूस मद्यालयाचा आनंदी गलका आणि दुसऱ्या बाजूस टेलिफोन. मद्यालयात न जाता त्यांनी गावातील धर्मोपदेशकांना टेलिफोन करण्यास आरंभ केला. मागणे एकच: मला एखाद्या दारुड्याशी बोलावयाचे आहे. अखेर त्यांची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशी घालून देण्यात आली. डॉक्टरांनी शेवटचा प्याला घेतला तो दिवस १० जून १९३५ मानतात आणि तोच या संस्थेचा स्थापनादिन. पिणाऱ्याला उपदेश पचत नाही. दुसऱ्या पिणाऱ्याची कहाणी मात्र पचते आणि सांगणाऱ्यालाही ती तारते, एवढाच तिचा पाया. पुढे १९३९ साली त्यांचा ग्रंथ निघाला, त्यात बारा पायऱ्या मांडल्या गेल्या. भारतात हे कार्य १९५७ पासून चालू आहे. घरच्या मंडळींसाठी 'अल-ॲनॉन' हा निराळा सहवास १९५१ साली निघाला.

आपल्या पुण्यासही या क्षेत्रात मान आहे. डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यास 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचे साहाय्य त्यामागे होते. डॉ. अनिता १९९७ साली आणि अनिल अवचट २०२२ साली निवर्तले. कार्य चालू आहे. निवासी उपचार करणारे असे केंद्र आणि आठवड्यातून काही सायंकाळी भरणारी एएची मीटिंग, या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. कोणास दोन्ही लागतात, कोणास एक पुरते.

आता प्रश्न मीटिंग कोठे, हा. मुंबई-पुण्यास पर्याय पुष्कळ. मावळातून निघालेल्यास मात्र लोकलचे वेळापत्रक आधी पाहावे लागते. एएच्या मदत दूरध्वनीवर भाच्याने तीनदा क्रमांक फिरविला आणि तीनदा मध्येच ठेवून दिला. चौथ्या वेळी आम्ही शेजारी बसलो. पलीकडच्या गृहस्थांनी आडनाव विचारले नाही, जात विचारली नाही, पगार विचारला नाही. "आज घेतली आहे का?" एवढे विचारले. भाचा "नाही" म्हणाला. "मग आजचे काम झाले. उद्या सायंकाळी या, मी स्थानकावर उभा राहतो." चिंचवडच्या बाजूस एका शाळेच्या वर्गात ती मीटिंग भरत असे. काही मीटिंगा केवळ मद्यपींसाठी, म्हणजे बंद असतात. काही खुल्या असतात, तेथे आप्तांना बसता येते. ती खुली होती, म्हणून आम्हीही गेलो.

उभ्या आयुष्यात आम्ही असंख्य वर्ग पाहिले. असा वर्ग पाहिला नव्हता. मुलांच्या बाकांवर पंधरा-वीस मोठी माणसे. कोणी कारखान्यातील कामगार, कोणी रिक्षाचालक, एक वकील, एक भगिनीही. फळ्यावर काही नाही, गुरुजी कोणी नाही. एकाने पुस्तकातील थोडे वाचले. मग एकेकाने उठून प्रथम नाव सांगावे, आपण मद्यपी आहोत असे म्हणावे आणि आपली हकिगत सांगावी. मध्ये कोणी बोलत नाही, कोणी सल्ला देत नाही. नवख्यावर बोलण्याची सक्ती नाही. शेवटी एक पिशवी फिरली. ज्याला जमेल त्याने चार पैसे टाकले, त्यातून खोलीचे भाडे आणि चहा. शुल्क नाही, नोंदवही नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच प्रवेशाची अट.

आम्हांस राहवले नाही. चहाच्या वेळी एका तरुणास आम्ही इच्छाशक्तीविषयी चार गोष्टी सांगू लागलो. इतक्यात मागून कोणी हळूच म्हणाले, "गुरुजी, येथे ऐकायचे असते." वळून पाहिले तो आमचाच जुना विद्यार्थी! चौथीत आम्ही त्याला पाढे चुकले म्हणून उभे केले होते. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "येथे जे पाहिले, ऐकले, ते येथेच ठेवायचे. तुम्ही कोणाबरोबर आलात हे मीही विसरलो." त्या क्षणी आम्हांस आमच्या बंधूंची आठवण होऊन भरून आले. त्यांच्या चौदा वर्षांत त्यांच्याशी असे कोणीच बोलले नव्हते. आम्ही तर नव्हेच.

भाच्याची दारू त्या दिवसापासून सुटली असे सांगितले तर पुन्हा खोटी नोंद होईल. आठव्या महिन्यात, एका हळदीच्या रात्री, तो घसरला. दोन दिवस तोंड लपवून बसला. तिसऱ्या दिवशी त्याच मार्गदर्शक गृहस्थांचा दूरध्वनी आला. रागावले नाहीत. "परत या, खुर्ची आहे" एवढेच म्हणाले. तो गेला आणि दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. २०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद, शाळा बंद. तेव्हा मीटिंगा दूरध्वनीच्या पडद्यावर भरू लागल्या आणि आमच्या माडीवर, बंधूंना कोंडले होते त्याच खोलीत, भाचा सायंकाळी आपल्या सोबत्यांशी बोलत बसे. आजवर तो पुन्हा प्यालेला नाही. उद्याचे तो सांगत नाही. फक्त आजचे सांगतो. हे सर्व त्याच्या अनुमतीने आम्ही बोलत आहोत. त्याचे नाव कृपया कोणी शोधू नये.

भाचेसुनेचीही गोष्ट सांगितली पाहिजे. ती कपाटे हुंगी, खिसे तपाशी, कामावर खोटे निरोप धाडी. पिणाऱ्यांच्या पत्नींचा गट तिला मिळाला. मुक्तांगणनेही पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालविला आहे. हा आजार आपण लावला नाही आणि पहारा करून तो बरा होत नाही, हे तिला तेथे कळले. त्या दिवसापासून तिने खोटे निरोप देणे थांबविले. आमच्या मते घराला वळण लागले ते तेव्हा.

आता ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे आणि जे आज येथे मान खाली घालून बसले आहेत, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. प्रथम डॉक्टर, नंतर मीटिंग. सवय जुनी असेल तर हा क्रम मोडू नये. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा विनामूल्य क्रमांक १४४४६ आणि मानसिक आरोग्याच्या 'टेली-मानस'चा १४४१६. दोन्ही पाठ करून ठेवावेत. एएच्या मीटिंगांची यादी त्यांच्या भारतातील संकेतस्थळावर आणि मदत दूरध्वनीवर मिळते. जागा व वेळ बदलतात, म्हणून आम्ही येथे पत्ता छापीत नाही; निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. खुली की बंद, मराठीत की अन्य भाषेत, हेही विचारावे. जवळ मीटिंग नसेल तर लोकलचा मार्ग धरावा. लोणावळ्याहून चिंचवड सुमारे तासाभराचे. आणि एका मीटिंगेत मन रमले नाही तर दुसरीत जावे. ज्या केंद्रात मारहाण करतात, कोंडतात किंवा रुग्णापेक्षा रकमेची चौकशी आधी होते, तेथून परत फिरावे.

कोणी म्हणेल, हा आपल्या समाजाचा प्रश्नच नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि सुमारे ५ कोटी ७० लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे. ज्यांना दारूचे व्यसन जडले आहे अशा ३८ जणांपैकी साधारण एकालाच कसलासा उपचार मिळतो. त्या उरलेल्या सदतिसांत आपल्या ज्ञातीचा कोणीच नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण आम्ही वर्गात पुष्कळदा शिकविली. ती या बाबतीत खरी नव्हे. २०२० साली २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींचा एकत्र विचार करून तज्ज्ञांनी असा निष्कर्ष काढला की, दारूपासून संपूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एएकडे नेणारी पद्धतशीर उपचारपद्धती अन्य मान्य उपचारांच्या बरोबरीने, पुष्कळदा अधिकही, उपयोगी पडते. सर्वांनाच गुण येतो असे नव्हे. पण पुष्कळांना येतो.

अखेर मंडळास तीन विनंत्या. एक, आपल्या कार्यालयाची मागील खोली आठवड्यातून एक सायंकाळ अशा मीटिंगेस द्यावी. पण दानशूरपणा करू नये. ते बाहेरची देणगी घेत नाहीत, आपले भाडे आपण देतात, ते अल्प असले तरी घ्यावे. मंडळाची पाटी तेथे लावू नये आणि प्रवेश ज्ञातीपुरता ठेवू नये. आपल्याच माणसासमोर बोलण्याची लाज आपल्या माणसाला अधिक वाटते, हे ध्यानी घ्यावे. दोन, दारू सोडलेल्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू नये. आपला हेतू चांगला असतो. पण ज्याला नाव झाकून बरे व्हावयाचे आहे त्याला आपण व्यासपीठावर आणून उघडा पाडतो. तीन, हळदीच्या रात्रीचा जो खर्च 'किरकोळ' या सदरात लिहिला जातो, तो यजमानांनी बंद करावा. आमचा भाचा तेथेच घसरला होता.

देहू आमच्या मावळास लागूनच आहे. ज्येष्ठात पालखी निघते तेव्हा आम्ही पाहतो: पंढरीची वाट पायी चालण्याचे बळ ज्याच्या अंगी नाही तोही दिंडीत चालतो, कारण पुढे कोणी आहे आणि मागेही कोणी आहे. शाळेच्या बाकांवर बसलेली ती पंधरा-वीस माणसे आम्हांस तशीच वाटली. आमच्या बंधूंना ती दिंडी ठाऊक नव्हती, कारण आम्ही ती शोधलीच नाही. आम्ही दार लावून बसलो होतो.

म्हणून चिटणीसांना लेखी विनंती केली आहे की, यंदाच्या स्मरणिकेत २००९ च्या त्या पानाची शुद्धी छापावी. मजकूर असा: 'अल्पशा आजाराने' याऐवजी 'दारूच्या आजाराने, योग्य मदत न मिळाल्यामुळे' असे वाचावे. आमच्या वहिनींनी आणि पुतण्यांनी यास संमती दिली आहे, वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता तरी खरे होऊ द्या."

कोणास काही विचारावयाचे असल्यास आम्ही सभा संपल्यावर मागच्या दाराशी नव्हे, पुढच्या दाराशी उभे राहू.